लोह आणि सौमनस्य

आपल्या राज्यातील कोणत्याही आरोग्य उपकेंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात नाव नोंदविलेल्या गर्भवतीच्या हातावर चौथा महिना लागल्यापासून जी तांबडी गोळी ठेवली जाते, जिच्यात 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते, आणि जी प्रसूतीपूर्वी 180 दिवस व प्रसूतीनंतर आणखी 180 दिवस रोज एक याप्रमाणे घ्यावी असा सरकारी शिरस्ता आहे, त्या गोळीविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे. सरकार प्रजेच्या नावे ज्या असंख्य वस्तू दफ्तरी खर्ची टाकते, त्यांत इतकी स्वल्प किमतीची आणि इतक्या थेट उपयोगाची वस्तू विरळाच. पोषणाच्या अभावाने होणारा रक्तक्षय टाळण्यासाठी अशा गोळ्या वाटण्याचा कार्यक्रम 1970 साली देशभर सुरू झाला. म्हणजे आज ज्या आज्या नातीच्या बाळंतपणासाठी डिंक निवडीत बसल्या आहेत, त्यांतल्या कित्येकींना तरुणपणी ही गोळी मिळालेली आहे. तरीसुद्धा 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील 52.2 टक्के गर्भवती रक्तक्षयाने ग्रासलेल्या आढळल्या, आणि गरोदरपणी ही गोळी पूर्ण 180 दिवस घेतल्याचे सांगणाऱ्या माता शेकडा 26 निघाल्या. अर्धशतकाच्या वाटपानंतर हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडले की विचारी माणसाचे लक्ष गोळीवरून उठून ती घेणाऱ्या स्त्रीकडे जावे, हे स्वाभाविक आहे.

गोळ्यांची पाकिटे फडताळात तशीच का पडून राहतात, हे बायकांना निवांत बसवून विचारले तर कारणे मिळतात. मळमळते, पोट बांधले जाते, शौचास काळे होते. कोणी सांगते की गोळीने मूल सावळे निपजते, कोणी सांगते की मूल पोटात फार वाढते आणि मग बाळंतपण अवघड जाते. यांतल्या समजुती निराधार आहेत आणि तक्रारींवर इलाज आहे: गोळी जेवणानंतर घ्यावी, सोबत लिंबू किंवा आवळा असावा, तिच्या आगेमागे चहा घेऊ नये, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी. पण या साऱ्या कारणांच्या तळाशी आणखी एक कारण असते, जे विचारणाऱ्याच्या यादीत नसते आणि सांगणारीलाही सांगण्याजोगे वाटत नाही. कशातच जीव लागत नाही, म्हणून गोळीही राहून जाते. ज्या स्त्रीला सकाळी उठून वेणी घालावीशी वाटत नाही, तिने उद्याच्या रक्तासाठी आजची मळमळ सोसावी, ही अपेक्षा आपण कोणत्या आधारावर करतो, याचा विचार आरोग्यखात्याने आणि आपण घरच्या माणसांनीही फारसा केलेला नाही.

या गोळीचा इतिहास मुंबईचा आहे, आणि तो मराठी वाचकांना ठाऊक असावा असे मला फार वाटते. 1928 साली ल्युसी विल्स नावाची एक इंग्रज वैद्यक-संशोधिका मुंबईस आली आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब स्त्रियांना गरोदरपणी एक विलक्षण रक्तक्षय होई. रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येने घटत आणि आकाराने अवाजवी मोठ्या होत, आणि पुष्कळदा आई आणि मूल दोघेही हातचे जात. विल्सबाईंनी रोगजंतूंचा माग काढून पाहिला, तो हाती काही लागले नाही. मग त्यांनी या स्त्रियांच्या ताटाकडे पाहिले. ज्यांच्या जेवणात फळे, भाज्या, दूध यांचा सर्वांत अभाव, त्यांच्यात हा विकार सर्वांत अधिक, असे दिसून आले. यकृताच्या अर्काने गुण येई, पण तो अर्क गिरणी-कामगाराच्या बायकोला परवडणारा नव्हता. तेव्हा त्यांनी बिअरच्या भट्टीत उरलेल्या यीस्टपासून बनणारे, विलायतेत पावाला लावून खाल्ले जाणारे मार्माइट नावाचे स्वस्त सारण देऊन पाहिले, आणि मरणपंथाला लागलेल्या स्त्रिया उठून बसू लागल्या. 1931 साली हा वृत्तांत प्रसिद्ध झाला. त्या सारणातला गुणकारी अंश, म्हणजेच फॉलिक आम्ल, पुढे 1941 साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून वेगळा काढण्यात आला, आणि 1945 च्या सुमारास त्याची रासायनिक घडण ज्या प्रयोगशाळेत साधली गेली, तिथल्या संशोधनाची धुरा आंध्रातून गेलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती. पुढे 1991 साली हेही सिद्ध झाले की, आधीचे मूल पाठीच्या कण्याच्या जन्मजात व्यंगाने गमावलेल्या स्त्रीने गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक आम्ल घेतले, तर पुढच्या मुलास ते व्यंग होण्याचा संभव जवळजवळ तीन-चतुर्थांशाने घटतो. आज जगभर आयांना जी गोळी दिली जाते, तिच्यातल्या निम्म्या गुणाचे मूळ परळ-लालबागच्या चाळींतल्या निनावी बायकांच्या रक्तात आहे.

विल्सबाईंचा मला सर्वांत मोठा वाटणारा गुण असा, की रोग शोधताना त्यांनी स्त्री कशी राहते, काय खाते, घरात तिच्या वाट्याला काय उरते, हे पाहिले. आपल्या जुन्या घरांनाही या गोष्टीची जाण निराळ्या रीतीने होती. बाळंतिणीच्या खोलीतले औषधभांडार मी लहानपणी साताऱ्याकडच्या आमच्या आजोळी पाहिले आहे: नारळाच्या पाण्यात भिजवून गुळात शिजविलेले हळीव, डिंकाचे आणि मेथीचे लाडू, खारीक, सुंठ, बाळंतशोपा, दूध आणि शतावरी, आणि जेवणानंतरचा ओवा घातलेला विडा. हळिवांत लोह पुष्कळ असते, हे आता प्रयोगशाळाही सांगतात. परंतु त्या भांडाराहून मोलाची अशी एक गोष्ट त्या खोलीत होती, ती म्हणजे माणसांची तैनात. सकाळी तेल लावायला बाई येई, मूल न्हाऊ घालायला आजी बसे, शेगडी पेटवायला मावशी असे. सव्वा महिना बाळंतिणीने पायरी उतरू नये असा दंडक असे, आणि त्या दंडकाच्या पोटी तिला झोप मिळे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात निरनिराळ्या कार्यांसाठी श्रेष्ठ काय याची जी यादी दिली आहे, तीत गर्भ टिकविणाऱ्या गोष्टींत श्रेष्ठ म्हणून कोणत्याही वनस्पतीचे वा धातूचे नाव न घेता मनाच्या प्रसन्नतेचे, सौमनस्याचे नाव घेतले आहे. ज्या वैद्यांना शेकडो औषधी ठाऊक होत्या त्यांनी ही निवड केली, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

पण त्या खोलीचे गुणगान करताना तिचा अंधार विसरणे अप्रामाणिकपणाचे होईल. खिडक्या बंद, धुराने डोळे चुरचुरत, तहान लागली तरी पाणी मोजून. हिरवी भाजी थंड पडेल आणि फळ बाळाला बाधेल या भयाने बाळंतिणीचे ताट नेमके त्याच गोष्टींना मुके, ज्यांच्या अभावाने मुंबईच्या त्या स्त्रिया आजारी पडत होत्या. शिवाय ही सारी सरबराई लेकीच्या वाट्याला येई, सुनेच्या वाट्याला नेहमीच येई असे नाही. पहिल्या खेपेची दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस उरे असे नाही. आणि मुलगी झाली तर लाडवांतला डिंकही कमी होई. ज्या स्त्रीचे मूल जगत नसे, तिच्यासाठी तर त्या खोलीत काहीच नव्हते. आनंदीबाई जोशी चौदा वर्षांच्या असताना त्यांचा मुलगा दहा दिवसांचा होऊन गेला. त्या शोकातून त्यांनी वैद्यक शिकण्याचा निर्धार केला, समुद्र ओलांडून फिलाडेल्फियास गेल्या, आणि 1886 साली वैद्यकीय पदवी घेताना प्रबंध लिहिला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. दहा दिवसांच्या मुलाची चौदा वर्षांची आई त्या दिवसांत कोणत्या मनःस्थितीत होती याची नोंद ठेवण्याची रीत नव्हती, आणि तिच्यासारख्या ज्या हजारो जणींना फिलाडेल्फिया नव्हते त्यांची तर नावेही उरली नाहीत.

माझ्या धाकट्या जावेचे दुसरे बाळंतपण सासरी आमच्याकडेच झाले, कारण तिची आई त्यापूर्वीच निवर्तली होती. दुसरीही मुलगीच झाली. घरात कोणी कटू शब्द बोलले नाही. पहिलीच्या वेळी गल्लीभर वाटलेली बर्फी या खेपेस कोणी आणली नाही, आणि आणली नाही याची वाच्यताही कोणी केली नाही. तिसऱ्या आठवड्यापासून तिच्यात फरक दिसू लागला. मूल झोपलेले असे आणि ही जागी. मूल रडू लागे तेव्हा ही त्याच्याकडे अशा नजरेने पाही की जणू शेजारचे कोणाचे तरी मूल रडत आहे. पहाटे तीनच्या सुमारास स्वयंपाकघरात दिवा न लावता पाटावर बसलेली ती मला दिसे. घरात तजवीज सुरू झाली. प्रथम सासूबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. मग दशमूलारिष्ट आले, शतावरीकल्प आला, भेटायला येणाऱ्यांपैकी एकीने प्रोटीनच्या पावडरीचा मोठा डबा आणला. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासून हिमोग्लोबिन 8 आहे असे सांगितले, लोहाचे औषध दिले आणि ‘अशक्तपणा आहे, जाईल हळूहळू’ असा निर्वाळा दिला. त्यांचे निदान खोटे नव्हते. चार महिन्यांत रक्त भरून आले, चेहऱ्यावरची फिकट छटा गेली, ती कामाला उभी राहू लागली, आणि घराने सुटकेचा निःश्वास टाकला. परंतु एका दुपारी माझ्यासमोर मटार सोलता सोलता ती अगदी सहज आवाजात म्हणाली, ‘वहिनी, मी नसले तर पोरींचं बरं होईल, असं मला रोज वाटतं.’

त्या वाक्यानंतर तिला आम्ही साताऱ्यास मनोविकारतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी स्तनपान चालू ठेवून घेता येईल असे औषध दिले, आठवड्याला एकदा तिच्याशी बोलण्याची वेळ ठरविली, आणि तिच्या नवऱ्याला, म्हणजे माझ्या दिराला, समोर बसवून रात्रीचे एक दूध बाटलीने त्याने पाजावे आणि तिला सलग पाच तास झोप मिळालीच पाहिजे अशी सक्त ताकीद दिली. धाकटीच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत ती पुष्कळशी पूर्ववत झाली. आज ती धाकटी महाविद्यालयात आहे, आणि तिच्या आईने हे सारे लिहिण्यास मला संमती दिली आहे.

या प्रसंगाकडे मी पुनःपुन्हा पाहते, कारण आपल्या घरांत होणाऱ्या दोन निरनिराळ्या गफलतींचा उगम त्यात मला दिसतो. मनाचा आजार असला की आपण त्याला अशक्तपणा म्हणतो आणि टॉनिकची बाटली आणतो. आणि खरोखर रक्त उणे असले की पुष्कळ घरांत त्याला आळस म्हणतात, नाटके म्हणतात, आणि बाईला कामाला जुंपतात. वास्तविक शरीर आणि मन यांच्या मध्ये अशी भिंत निसर्गाने घातलेली नाही. मेंदूत सिरोटोनिन आणि डोपामिन ही जी रसायने तयार होतात, ज्यांचा आपल्या उत्साहाशी आणि खिन्नतेशी निकटचा संबंध आहे, ती घडविणाऱ्या वितंचकांना लोह लागते; म्हणून लोह उणे पडलेल्या आईला थकवा येतो तसे औदासीन्यही येते, चिडचिड होते, लक्ष लागत नाही. दक्षिण आफ्रिकेत केपटाउनजवळच्या गरीब मातांमध्ये झालेल्या एका अभ्यासात, लोहाची उणीव भरून काढल्यावर खिन्नता आणि ताण यांच्या मोजमापात स्पष्ट सुधारणा आढळली होती. बी-12 या जीवनसत्त्वाची कथा तर आपल्या अगदी दारची आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता आणि मुले यांचा जो दीर्घ अभ्यास करीत आले, त्यात सुमारे दोन-तृतीयांश गर्भवतींत बी-12 उणे आढळले. हे जीवनसत्त्व वनस्पतींत नसते. शाकाहारी स्त्रीला ते दूध-दह्यातूनच मिळायचे, आणि घरात दूध कोणाच्या वाट्याला जाते हे मी सांगायला नको. त्याच्या अभावाने हातापायांना मुंग्या येतात, विस्मरण होते आणि मन खचते. प्रसूतीनंतर थायरॉइड ग्रंथी बिघडली तरीही जवळजवळ हीच लक्षणे दिसतात. तेव्हा बाळंतीण खिन्न असेल तर तिचे रक्त अवश्य तपासावे, उणीव असेल ती अवश्य भरून काढावी. आणि ती भरूनही खिन्नता हटत नसेल तर औषधाची बाटली बदलीत बसू नये.

उणीव भरणे आणि ज्याची उणीव नाही त्याची रास घालणे यांतला भेद मात्र आपल्या बाजाराने पार पुसून टाकला आहे. मासळीच्या तेलातले डीएचए हे मेदाम्ल मेंदूला आवश्यक असते, तेव्हा गरोदरपणी ते भरपूर घेतल्यास बाळंतपणानंतरची खिन्नता टळेल, ही कल्पना मोठी आकर्षक होती. ऑस्ट्रेलियात 2399 गर्भवतींना निवडून, निम्म्यांना रोज 800 मिलिग्रॅम डीएचए आणि निम्म्यांना साधे वनस्पतितेल देऊन तिची काटेकोर परीक्षा झाली. 2010 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो असा की बाळंतपणानंतरच्या खिन्नतेत दोन्ही गटांत म्हणण्याजोगा फरक पडला नाही. आमच्या घरी आला तसला प्रोटीनचा डबाही याच जातीचा. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 साली जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत जिथे कुपोषण व्यापक आहे तिथे गर्भवतींना ऊर्जा आणि प्रथिने यांचा समतोल पूरक आहार द्यावा असे म्हटले आहे, पण प्रथिनांचा अतिरिक्त भरणा करू नये असेही स्पष्ट बजावले आहे. अ जीवनसत्त्व तर मोठ्या मात्रेत गर्भाला विघातकच ठरते. डॉक्टरांना न विचारता, दुकानदाराच्या किंवा शेजारणीच्या शिफारशीवरून गर्भवतीला डब्यामागून डबे देणारी माणसे प्रेमापोटीच ते करतात. पण त्या प्रेमाचे तास तिला झोपू देण्यात आणि तिचे ऐकून घेण्यात खर्च झाले असते, तर अधिक सार्थकी लागले असते.

आईचे मन मोडते कशाने, याचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यात म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात येणाऱ्या 270 गर्भवतींचा अभ्यास केला आणि तो 2002 साली प्रसिद्ध केला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतल्या सुमारे 23 टक्के माता खिन्नतेच्या आजारात सापडल्या होत्या. कशामुळे, याचा तपशील वाचताना मला त्यात आपलीच घरे दिसली: पैशाची ओढाताण, नवऱ्याशी बेबनाव आणि त्याच्याकडून होणारी मारहाण, आणि नवजात मूल मुलगी असणे. या मातांच्या मुलांचे पुढे काय झाले, हेही त्यांनी पाहिले. सहा महिन्यांची झाल्यावर खिन्न मातांच्या मुलांपैकी 30 टक्के वजनाने कमी भरली, आणि इतर मातांच्या मुलांत हे प्रमाण 12 टक्के होते. बालकांच्या कुपोषणावर आपण वर्षानुवर्षे खिचडी, अंडी आणि पोषक आहाराची पाकिटे यांचा खर्च मांडतो, तो योग्यच आहे; पण ज्या आईला मूल जवळ घ्यावेसे वाटत नाही, तिच्या मुलाचे वजन पाकिटाने कितीसे वाढणार? याज्ञिकांच्या त्या खेड्यांतच असेही आढळले होते की, गरोदरपणी ज्यांना विहिरीचे पाणी वाहणे, शेतात राबणे अशी कष्टाची कामे अधिक पडत, त्यांची मुले जन्मतः लहान असत. खाणे, कष्ट, मार, मुलीच्या जन्माने घरात पसरलेला अबोला: हे सारे एकाच स्त्रीच्या अंगावर एकाच वेळी पडते, आणि त्यांपैकी एकाचेच उत्तर गोळीत आहे.

बाकीच्यांचे उत्तर माणसांत आहे, आणि ते फारसे खर्चाचे नाही, हे पाकिस्तानातील रावळपिंडीजवळच्या खेड्यांनी दाखविले. तिथे अतिफ रहमान यांनी गावोगावच्या आरोग्यसेविकांना, म्हणजे बेताच्या शिकलेल्या सामान्य बायकांना, खिन्न गर्भवतींशी कसे बोलावे, त्यांच्या मनातले निराशेचे विचार कसे ओळखावे, घरच्यांना कसे सामील करून घ्यावे हे शिकविले. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात, बाळ सहा महिन्यांचे होईतो अशा भेटी मिळालेल्यांपैकी 23 टक्के माता आजारी उरल्या होत्या, तर नुसत्या साध्या भेटी मिळालेल्यांपैकी 53 टक्के. मुलांच्या वजनात मात्र त्या काळात फरक पडला नाही. अतिसार कमी झाला आणि लसी अधिक मुलांना पूर्ण मिळाल्या. पुढे हीच रीत गोव्यात आली, आणि तिथे तर आरोग्यसेविकांऐवजी वस्तीतल्याच बायकांना ‘सखी’ म्हणून तयार करण्यात आले. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगातला लाभ रावळपिंडीइतका मोठा नव्हता, पण तो मिळाला होता शेजारणीच्या बोलण्याने.

आमच्या आशाताईंकडे हे काम नवे म्हणून सोपविण्याची गरजच नाही. त्या घरात जातातच. दवाखान्यात बाळंत झालेल्या स्त्रीकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्या भेट देतात, आणि या गृहभेटींच्या रीतीचे मूळ डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या खेड्यांत उभ्या केलेल्या कामात आहे, याचा मला अभिमान वाटतो. आशाताईंजवळच्या नमुन्यात आई दिवसातून किती वेळा पोटभर जेवते असा प्रश्न आहे, आणि मला तो फार आवडतो. अंग तापले आहे का, अंगावरून दुर्गंधीयुक्त जाते का, ती असंबद्ध बोलते का किंवा झटके येतात का, असेही प्रश्न आहेत. हजारात एखाद-दुसऱ्या बाळंतिणीला जे तीव्र वेड लागते आणि ज्यात क्षणाचाही विलंब करता येत नाही, ते या शेवटच्या प्रश्नाने सापडेल. पण जी सुसंबद्ध बोलते, पाटावर बसून मटार सोलते आणि मरणाचा विचार करते, ती या नमुन्यातून सहीसलामत निसटते. 1987 साली स्कॉटलंडमध्ये तयार झालेली, जगभर वापरली जाणारी बाळंतिणीसाठीची प्रश्नावली अवघ्या दहा प्रश्नांची आहे. ती विचारायला पाच मिनिटे पुरतात, आणि तिचा दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल आहे. बेचाळिसाव्या दिवसाच्या भेटीत ती आपल्या बोलीत विचारली जावी आणि तिचे उत्तर हिमोग्लोबिनच्या रकान्याशेजारी लिहिले जावे, एवढी माझी आरोग्यखात्यास विनंती आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने आजारी आईपासून तीन वर्षांखालील मुलाला एरवी तोडू नये असे बंधन घातले आहे, आणि बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत माता आणि बाळ यांना एकत्र ठेवून उपचार करणारा विभाग 2009 पासून चालू आहे. दिशा माहीत आहे, उदाहरणे हाताशी आहेत. उणीव आहे ती विचारण्याची.

आणि खात्याचा हुकूम निघेपर्यंत घरांनी थांबण्याचे कारण नाही. ज्यांच्या घरी या दिवसांत कोणी गरोदर असेल किंवा नुकतीच बाळंत झाली असेल, त्यांनी तिला तांबडी गोळी रोज आठवणीने द्यावी, दुधाचा पेला आधी तिच्यासमोर ठेवावा, रात्रीची काही तासांची जागरणे दुसऱ्या कोणी तरी अंगावर घ्यावीत, आणि भोवती कोणी नसताना तिला विचारावे की तुझे मन कसे आहे. ती ‘बरी आहे’ म्हणाली तरी थोड्या दिवसांनी पुन्हा विचारावे. झोप लागत नाही, मूल आपले वाटत नाही, जगून काय करायचे, असे काही ती बोलली, तर ते बाळंतपणाचे नखरे समजू नयेत, तिला एकटे सोडू नये, आणि डॉक्टरांकडे नेण्यास उद्याची वाट पाहू नये. जवळपास कोणी तज्ज्ञ नसेल तर सरकारने 2022 साली सुरू केलेल्या टेली-मानस या सेवेचा क्रमांक 14416 हा आहे. तो विनामूल्य आहे, रात्री-अपरात्रीही चालू असतो, आणि तिथे मराठीतून बोलता येते.